बर्णबा आणि मावशीचा ढब्बू

३ मार्च

धाकट्या,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट तसंच बाजूला टाकशील, हे ठाऊक होतं. म्हणून पत्ता शेजारच्या नर्सबाईंकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच.

आधीच सांगते, मला तुझ्याकडून काही नको आहे. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो बाबांचाही कुरकुरायचा. कामही हातात आहे. टेकडीवरच्या चर्चचं छप्पर नवं झालंय आणि जूनच्या पहिल्या रविवारी ते पुन्हा उघडणार आहे. तोवर तिथला मोठा ऑर्गन उतरवून, पुसून, सुरात लावून द्यायचाय. बाबांनी आपल्याला ज्याच्यावर शिकवलं तोच तो ऑर्गन. मी आत शिडीवर, पाइपांच्या गर्दीत. तू बाहेर बाकावर, ऑर्गनची एक पट्टी दाबून धरलेली. मी 'पुढचा' म्हटलं की तू बोट उचलायचंस. कधी कधी मी म्हणायच्या आधीच उचलायचास आणि बाबांची टपली खायचास.

आता पट्टी कोण धरणार, हे तू विचारणार नाहीस, पण तुझ्या मनात येईलच. ढब्बू धरणार आहे. हो, मावशीचा ढब्बू.

पत्र फाडायचं तर खुशाल फाड, पण तुकडे जुळवून पुढचं वाचशील हेही मला माहीत आहे. त्याने काय केलं ते मी विसरलेले नाही. नदीकाठच्या चर्चमध्ये सगळे पाइप जमिनीवर मांडलेले असताना हा चाळिशीचा बाप्या न सांगता आईकडे पळून गेला. त्याच दिवशी पाइपांवरच्या खडूच्या खुणाही पुसल्या गेल्या. कोणता पाइप कोणत्या रांगेतला, काही कळेना. तिथल्या लग्नाच्या दिवशी ऑर्गन मुका राहिला आणि नवरी वेदीपर्यंत स्वतःच्या बुटांची टकटक ऐकत चालत गेली. पाहुणे हसले. तुझा चेहरा मी पाहिला होता. तुझा राग खोटा नव्हता, हे मी तेव्हाही म्हणाले होते.

पण मी त्याला परत घेते म्हटल्यावर तू चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून म्हणालास, "तो असेल तर मी नाही." आणि हत्यारांची पेटी उचलून बंदराच्या गावी गेलास. त्याला आता दीड वर्ष झालं. ढब्बू माझ्या दारात येऊन उभा होता, धाकट्या. मी काय करायला हवं होतं? दार लावायला हवं होतं, असं तू म्हणशील. मला ते जमलं नाही.

तुझ्या बायकोला आणि पोरींना आशीर्वाद. तुला नाही. तू उत्तर लिही, मग बघू.

ताई

२२ मार्च

धाकट्या,

उत्तर आलं नाही. आलं असतं तर मीच घाबरले असते.

तुला हसू येईल अशी एक बातमी देते. चर्चच्या पाळकांनी रविवारचा मोठ्यांचा बायबलचा वर्ग माझ्या गळ्यात मारलाय. "तुम्हाला बोलायची आवड आहे," असं म्हणाले. म्हणजे मी फार बोलते, हे त्यांनी सभ्यपणे सांगितलं. पहिल्या शिष्यांपैकी कुणा एकाचं आयुष्य घ्या आणि त्यातून विश्वासाबद्दल काय शिकता येतं ते सांगा, असं काम आहे. मी बर्णबाला घेतलं. त्याचं खरं नाव योसेफ. धीर देणारा म्हणून बाकीच्यांनी त्याला बर्णबा हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसांवर माझा पहिल्यापासून जीव आहे.

पहिल्या रविवारी मी शौलाची गोष्ट सांगितली. कालपर्यंत विश्वासणाऱ्यांना घरातून ओढून तुरुंगात टाकणारा हा माणूस एक दिवस येतो आणि म्हणतो, मी बदललो, मला तुमच्यात घ्या. सगळ्यांची पाचावर धारण बसते. कुणी दार उघडेना. तेव्हा बर्णबा उठतो, त्याला सोबत घेऊन येशूच्या प्रेषितांसमोर जातो आणि सांगतो की मी याची हमी देतो.

नर्सबाई वर्गात पहिल्या रांगेत बसतात. पस्तीस वर्षं इस्पितळात काढली, आता निवृत्त आहेत आणि बोलायला कुणी सापडत नाही म्हणून वर्गाला येतात. त्या म्हणाल्या, "आणि तो आतून लांडगाच निघाला असता तर?"

"तर सगळ्यात आधी बर्णबाच खाल्ला गेला असता," मी म्हणाले. "म्हणून तर तो पुढे उभा राहिला."

घरी येताना मी त्यावर विचार करत होते. देवावर विश्वास ठेवायला मला कधी जड गेलं नाही. बाबांच्या मागे बसून प्रार्थना म्हणत मोठी झाले, तो आपोआप अंगात मुरला. माणसावर ठेवायची वेळ आली की खरी परीक्षा. देव काही पाइप जमिनीवर टाकून पळून जात नाही. बर्णबाला दोन्ही विश्वास वेगळे करता येत नसावेत. देवाने याला बदललं असं मानतोस ना, मग याच्या शेजारी बसून जेव, इतकं सरळ त्याचं गणित.

ढब्बू पट्टी बरी धरतो. मधेच पेंगतो, पण बोट सुटत नाही.

ताई

१४ एप्रिल

धाकट्या,

तुझ्या बायकोचं पत्र आलं. तुला सांगितलं नाही म्हणे, म्हणून मीच सांगून टाकते. नवरा-बायकोत लपवाछपवी नको. माझं पत्र आलं की तू म्हणतोस, "टाक तिकडे," आणि ती स्वयंपाकघरात गेली की वाचतोस. बरं चाललंय.

कामाचं सांगते. आम्ही जागा बदलल्या. आता मी बाकावर असते आणि ढब्बू आत. गुडघ्यामुळे. शिडी चढवत नाही.

काय सांगू तुला, त्याचे कान! तुला मला जे शिकून आलं ते याला जन्मतःच मिळालंय. दोन सूर एकमेकांना चाटून जातात तेव्हा मधे जी थरथर उठते ना, ती त्याला शेवटच्या कणापर्यंत ऐकू येते. बोटाएवढ्या पाइपांची मान तो इतक्या हलक्या हाताने फिरवतो की बाबा असते तर गप्प बसले असते. बाबांचं गप्प बसणं म्हणजे केवढी शाबासकी, ते तुला वेगळं सांगायला नको. अडचण एकच. तो आत फार घामेजतो, आजूबाजूचे पाइप गरम होतात आणि सूर चढतो. मग मी त्याला बाहेर काढते, तो अंगणात हवा खात बसतो आणि ऑर्गन निवेपर्यंत आम्ही चहा पितो. असा आमचा कारखाना.

रविवारी भांडणाचा धडा आला. टाळता आला असता तर टाळला असता. बर्णबा आणि शौल, म्हणजे तोवर पौल झालेला, दोघं गावोगाव येशूची सुवार्ता सांगत फिरले. बरोबर बर्णबाचा नातलग मार्क होता. तो वाटेतच त्यांना सोडून घरी परतला. पुन्हा निघायची वेळ आली तेव्हा बर्णबा म्हणाला, मार्कला घेऊ. पौल म्हणाला, मधेच सोडून जाणाऱ्याला मुळीच नको. इतकं पेटलं की दोघं वेगळे झाले. पौल एका वाटेने गेला, बर्णबा मार्कला घेऊन जहाजात बसला.

"दोघंही देवाची माणसं," नर्सबाई म्हणाल्या, "मग एवढं टोकाला कसं गेलं?"

"तुमच्या इस्पितळातले सगळे डॉक्टर भले होते ना?" मी विचारलं.

"होते."

"भांडायचे का?"

त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मी वर्गाला एवढंच सांगितलं की कोण बरोबर होतं ते कुठेही लिहिलेलं नाही. पौलाचंही खरं होतं. पुढे दगड खायचे होते, तुरुंग होता, तिथे कच्चा माणूस परवडत नाही. मला दिलासा याचा वाटतो की लिहिणाऱ्याने हे भांडण झाकून ठेवलं नाही. मोठ्या माणसांची भांडणं झाकली असती तर आपण तोंड कुठे लपवलं असतं?

वर्गात मी तुझं नाव घेतलं नाही. पण मागे बसलेला ढब्बू मान खाली घालून ऐकत होता.

ताई

९ मे, सकाळ

धाकट्या,

तू बरोबर होतास.

काल दुपारी मी चहाचं पाणी ठेवून परत आले तर ढब्बू नाही. आत नाही, अंगणात नाही, घरी नाही. त्याची खोली रिकामी, पिशवी गेलेली. रात्र झाली तरी पत्ता नाही. सगळ्यात बारीक पाइपांची रांग अर्धी लागलीय आणि मोठा माणूस पुन्हा मधेच पळाला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही. मी मूर्ख ठरले. बर्णबा लिहिणाऱ्यांच्या शाईत शहाणा असेल, माझ्या घरात तो शुद्ध वेडा आहे.

तुला कळवायलाच हवं होतं, म्हणून कळवते. हे पत्र आत्ताच टाकते, नाहीतर नंतर धीर होणार नाही.

ताई

९ मे, संध्याकाळ

धाकट्या,

सकाळचं पत्र पोचलं असेल तर चुलीत घाल. मी पोस्टाच्या पेटीपाशी धावत परत गेले होते. पोस्टमन म्हणाला, "आत पडलं ते सरकारचं." हात घालून बघितला, बोटं अडकली, ती सोडवायला नर्सबाईंना साबण घेऊन यावं लागलं. सगळ्या गल्लीने बघितलं. हात दाखवून अवलक्षण, ते हेच.

ढब्बू परत आलाय.

मी बाकावर एकटी बसले होते. काय करावं सुचेना म्हणून उगाच एक पट्टी दाबून धरली होती. मागून आवाज आला, "ताई, तो पाइप तिथे नाहीये."

वळून बघते तर दारात हा. धुळीने माखलेला, पिशवी छातीशी धरलेली. त्याने पिशवीतून हातरुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. बोटाएवढा पाइप, चेपलेला.

"माझं कोपर लागलं," तो म्हणाला. "तू चहाला गेली होतीस. मी तो खिशात घातला आणि निघालो. स्टँडवर गेलो. बस आली. चढलोसुद्धा."

"मग?"

"पुढच्या गावात उतरलो. म्हटलं, मागच्या वेळी मी एकटाच पळालो होतो. या वेळी पाइप पण बरोबर पळवतोय. मी नसलो तर दुसरा कुणी मिळेल. हा नसला तर तो सूर कुठून येणार? रात्री बस नव्हती. चालत आलो."

मला रडूही आलं आणि त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटली. मी काहीच केलं नाही. पाइप सळईवर चढवला, लाकडी थापी त्याच्या हातात दिली आणि ठोक म्हटलं. हलक्या हाताने ठोकता ठोकता तो बोलायला लागला. मागच्या वेळचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "हे त्याला लिही. मला लिहिता येणार नाही."

म्हणून लिहिते. नदीकाठच्या चर्चमधल्या खुणा झाडूवाल्यांनी पुसल्या असं तू समजत होतास. त्या ढब्बूने पुसल्या. तू सामान आणायला गेला होतास, तेव्हा तुला खूश करायला म्हणून त्याने सगळे पाइप ओल्या फडक्याने पुसून लखलखीत केले. तू येशील, बघशील आणि शाब्बास म्हणशील, एवढंच त्याच्या मनात होतं. शेवटचा पाइप पुसल्यावर त्याला दिसलं की फडकं पांढरं झालंय. तेव्हा त्याला कळलं की गेला तो खडू होता. आणि तेवढ्यात तुझी गाडी दारात थांबली. मागच्या दाराने हा बाहेर.

कामचुकार म्हणून पळाला नव्हता रे तो. लाजेने पळाला.

पाइप सरळ झाला. सूर पूर्वीइतका गोल नाही, पण खरा आहे.

ताई

८ जून

धाकट्या,

काल चर्च उघडलं.

मी फार बोलणार नाही. तू म्हणशील, हे नवलच. पहिलं गीत सुरू झालं आणि पायाखालची फरशी गुणगुणायला लागली. लहानपणी व्हायची तशीच. आपण दोघं बूट काढून तळव्यांनी ऐकायचो, आठवतं का? मी या वयात बूट काढले. पाळकांनी बघितलं आणि बघितलं नाहीसं केलं. ढब्बू शेवटच्या बाकावर बसून ढसाढसा रडत होता आणि नर्सबाई त्याला रुमाल देत होत्या.

आता एक सांगायचं राहिलंय. ताकास तूर लागू दिली नव्हती, पण आता लपवून काय करू? गुडघ्याचं निमित्त होतं. माझे कान गेलेत, धाकट्या. सगळे नाहीत. पण सगळ्यात बारीक पाइपांचा सूर मला आता ऐकू येत नाही. मी पट्टी दाबते, पाइप वाजतो म्हणे, आणि माझ्या लेखी चर्च शांत असतं. वर्षभर होतंय. मार्च महिन्यात मी ठणठणीत आहे असं लिहिलं, तेव्हा मी आत शिडीवर बसून न ऐकू येणारा सूर लावायचं नाटक करत होते. ढब्बूला ते कळलं. तो एकदा बाकावरून उठून शिडीपाशी आला आणि खालूनच हळू म्हणाला, "ताई, तू बाहेर बस. मी आत जातो. गुडघ्याचं सांग सगळ्यांना."

तेव्हापासून मी बाकावर आहे. आणि खरं सांगू? मजेत आहे. आधी वाटलं होतं आता संपलं सगळं. पण बाकावर ऊन येतं. आत तो म्हणतो 'पुढचा', मी बोट उचलते. बाबांची सगळी विद्या आता ढब्बूच्या तोंडून मला हुकूम सोडते, आणि मी ते मुकाट पाळते. मी त्याला दारातून आत घेतलं असं लोक म्हणतात. त्याने मला कुठून बाहेर काढलं ते त्यांना माहीत नाही.

एवढंच.

ताई

२७ जून

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पावणेदोन वर्षांनी आलेल्या पत्रात तीन ओळी! त्यातली एक हवामानावर. दुसरी, पोरी माझी आठवण काढतात म्हणून. आणि तिसरी: 'इथल्या मोठ्या चर्चचं काम घेतलंय, एकट्याने होत नाही, ढब्बूला पाठव, तो कामाचा आहे.'

वाचून मी पहिल्यांदा काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. घरात पाळक बसले होते. आयत्या बिळावर नागोबा! मी त्याला पोसायचं, शिकवायचं, त्याच्यासाठी गल्लीसमोर पोस्टाच्या पेटीत हात अडकवून घ्यायचा, आणि तू तीन ओळीत घेऊन जायचंस. पाळक गेल्यावर मी भांडी आपटली. मग पुन्हा पत्र वाचलं. तिसऱ्या ओळीत शाई थोडी पसरलीय. 'कामाचा आहे' लिहिताना तू थांबला होतास.

पौलाने म्हातारपणी तुरुंगातून लिहिताना कुणाला बोलावून घेतलं, हे तुला आठवत होतं का? की तुझ्या हातून ते आपोआप लिहिलं गेलं? उत्तर नको. मला दोन्ही चालेल.

ढब्बूला पत्र दाखवलं. त्याने ते नीट घडी घालून मला परत दिलं. मग म्हणाला, "तुझं कसं होणार?"

"माझं मी बघेन."

"तो ओरडला तर?"

"ओरडेलच. ओरडू दे. तू हातातला पाइप सोडू नकोस."

तेव्हा तो सोमवारच्या बसने निघतोय. हे पत्र त्याच्याच हाती देते. काही गोष्टी सांगून ठेवते. तो घाबरला की बोलत नाही. तेव्हा काय झालं म्हणून विचारू नकोस, शेजारी बसून आपलं काम करत राहा, थोड्या वेळाने स्वतःच सांगतो. जेवायला दोनदा वाढ, पहिल्यांदा नको म्हणतो. काम चांगलं झालं तर शाब्बास म्हण. बाबांसारखं गप्प बसू नकोस. आपल्याला त्यांचं गप्प बसणं समजायचं, त्याला समजणार नाही.

माझी काळजी नको. इथल्या लहानसहान कामांना मी नर्सबाईंना घेतलंय. बारीक सुरांना त्यांचे कान अजून तल्लख आहेत, आणि शिडीवर त्या माझ्यापेक्षा चपळ चढतात. फक्त गप्प राहणं जमत नाही. काल एक पाइप लावता लावता त्यांनी मला आत बसून एका संपूर्ण शस्त्रक्रियेची हकीकत सांगितली. शिकतील. मी एकेकाला शिकवलंय.

गेल्या रविवारी वर्गात बर्णबाचा शेवटचा धडा झाला. पौलाने म्हातारपणी 'तो कामाचा आहे' असं लिहून त्याच मार्कला बोलावलं, ते सांगितलं. नर्सबाईंनी विचारलं, "आणि त्या पत्रात बर्णबाबद्दल काय लिहिलंय?" काही नाही, मी म्हणाले. तिथे त्याचं नावच नाही. त्या चिडल्या. म्हणाल्या, ज्याने पोराला सांभाळलं त्याची साधी आठवणही नको? मी म्हटलं, नसू दे, तो तेव्हा कुणा दुसऱ्याच्या दारात उभा असेल. वर्गाला पटलं. मी समाधानाने घरी आले.

पण मी बर्णबाएवढी मोठी नाही, धाकट्या. माझं नाव घ्यायचं. जेवताना घे, भांडताना घे, कसंही घे, पण तुमच्या दोघांच्या बोलण्यात मी असले पाहिजे. आणि त्या मोठ्या चर्चचा ऑर्गन लावायची वेळ आली की मला बोलव. शिडी चढणार नाही, बारीक सुरांचं काही विचारू नकोस. तुम्ही दोघं आत जा. मी बाहेर बाकावर बसून पट्टी धरेन, आणि तुझा आवाज ऐकू आल्याशिवाय बोट उचलणार नाही.

तुझी ताई